आकडा आणि आरास

२३ नोव्हेंबर २०२४. सकाळी आठच्या ठोक्याला शेजारचे गुरुजी शंभर पानी वही घेऊन घरी आले. गणिताचे निवृत्त शिक्षक. दर निकालाला नवी वही घालतात: डावीकडे मतदारसंघ, पुढे फेरी, पुढे आघाडी, शेवटी शेरा. साडेनऊला त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लिहू काय, सांगा. आकडा बूड टेकायच्या आत उठून जातोय." पडद्यावर त्या वेळी विधान भवन स्टुडिओच्या फरशीतून वर येत होतं, धूर सोडत, मजल्यामजल्यानं. ते पुरतं उभं राहीपर्यंत साताऱ्यापासून सोलापूरपर्यंतच्या जागा खालच्या पट्टीतून वाहून गेल्या. वाहिनी बदलली, तर तिथे पुढारी घोड्यांवर बसून शर्यत लावत होते.

त्या टोपणाचा राग म्हणून हा लेख.

राजकीय कार्यक्रमांच्या सेटवर आणि ग्राफिक्सवर आपल्याकडे समीक्षा होत नाही. नाटकाच्या नेपथ्याला आपण पारितोषिकं देतो, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाद घालतो. आणि ज्या चौकटीत रोज संध्याकाळी महाराष्ट्राचं राजकारण मांडलं जातं, ती चौकट कोणी आखली हे कुणी विचारतही नाही. श्रेयनामावलीतही त्याचं नाव नसतं.

जुन्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही. वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासूनचा इतिहास वाचकांना पाठ आहे. प्रदीप भिडे समोर बघून बातम्या वाचायचे आणि मागे बघण्यासारखं फारसं काही नसायचं. ती तत्त्वनिष्ठा नव्हती, सरकारी काटकसर होती. पण १९८४ च्या अखेरीस लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा प्रणय रॉय आणि विनोद दुआ दूरदर्शनवर बसले आणि काहीतरी वेगळं घडलं. मोजणी कागदी मतपत्रिकांची, ती चालायची रात्रंदिवस, मधली पोकळी भरायला हिंदी सिनेमे. सिनेमा थांबला की टेबलामागून आकडा यायचा आणि त्या आकड्याला अर्थ असायचा. मतं अमुक टक्के फिरली तर जागा किती फिरतील, हे घरात बसलेल्या माणसाला पहिल्यांदा कळत होतं.

याचं मूळ विलायतेतलं आहे. बीबीसीनं १९५५ मध्ये 'स्विंगोमीटर' नावाचं एक साधं यंत्र पडद्यावर आणलं: एक अर्धवर्तुळ, एक काटा. मतं इकडून तिकडे किती सरकली एवढंच तो काटा दाखवायचा. त्यामागचा 'स्विंग'चा विचार रुजवणारे डेव्हिड बटलर पुढे भारतात आले. आपल्याकडे दोन पक्षांचा सरळ सामना नसतो, म्हणून त्यांनी अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांच्यासह त्यात विरोधकांच्या ऐक्याच्या निर्देशांकाची भर घातली. विरोधक किती फुटलेले आहेत, हेही एका आकड्यात. मला उत्तम ग्राफिकची व्याख्या विचाराल तर मी त्या काट्याकडे बोट दाखवीन. तो एकच गोष्ट सांगतो. आणि ती सांगून झाल्यावर गप्प बसतो.

आमच्याकडे तर त्यासाठी विलायतेला जायचीही गरज नव्हती. गावोगावच्या चौकात, तालमीच्या भिंतीवर, शाखेच्या दाराशी, मंडळाच्या मांडवाशेजारी वार्ताफलक होता. काळा फळा, वर रंगीत खडूनं नक्षीदार मथळा, खाली पांढऱ्यानं मजकूर. निकालाच्या दिवशी आकडा पुसून नवा लिहिला जायचा, आणि पुसलेल्याची पुसट खूण मागे दिसायची. त्या खुणेत मागच्या फेरीची आठवण राहायची. सायकल टेकवून माणूस आपल्या वेगानं वाचायचा. लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलं, म्हणून तर त्याला फळा दिलेला असायचा.

वृत्तवाहिन्यांनी हा फळा घेतला नाही. त्यांनी गणेशोत्सवातली आरास घेतली, तीही हलत्या देखाव्याची.

२००७-०८ च्या सुमारास झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत आल्या, तेव्हा थोडी आशा होती. मराठीत राजकारण दिवसभर बोललं जाणार, तर ते मराठीसारखं दिसेलही, असं वाटलं होतं. 'माझा कट्टा' हे कार्यक्रमाचं नाव ऐकलं तेव्हा मी खूश झालो होतो, कारण कट्टा ही मुळात सेटची कल्पना आहे. कट्ट्यावर पाहुणा आणि विचारणारे एका पातळीवर बसतात आणि कुणालाही घाईनं उठता येत नाही. असे दोन-चार कवडसे सोडले तर बाकीचं रूप आलं दिल्ली-नोएडाच्या हिंदी भावंडांच्या घरून. कपडे तेच, फक्त बाह्या कापलेल्या.

सगळ्यात आधी अक्षर बघा. ज्याला वृत्तवाहिनीतली माणसं 'ॲस्टन' म्हणतात, ती खालची पट्टी. चोवीस तास मराठी माणूस सर्वांत जास्त देवनागरी कुठे वाचत असेल तर या पट्टीवर. आणि तिथे काय दिसतं? ओळ मावत नाही म्हणून अक्षर आडवं दाबलेलं. मग 'ण'चे दोन दंड एकमेकांना चिकटतात. अक्षर फुगवून त्याला त्रिमिती सावली दिलेली. मग 'ळ'ची पोकळी बुजते. अक्षरांत अंतर वाढवलेलं, ते इंग्रजीत खपतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'सरकार' हा शब्द चार ठिकाणी मोडलेल्या पत्र्यासारखा दिसतो. मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा 'ल' बहुतेक ठिकाणी गायब, कारण फॉन्ट हिंदीसाठी घेतलेला. महाराष्ट्र शासनानं मराठी वर्णमालेच्या लेखनाचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ ला काढला होता. तो शाळांच्या फळ्यांपर्यंत बऱ्यापैकी पोचला, पडद्यापर्यंत नाही.

आणि 'शेतकऱ्यांचा' हा शब्द. महाराष्ट्राच्या राजकारणात याच्याइतका वापरला जाणारा शब्द नसेल. तो कित्येक पडद्यांवर 'शेतकर्यांचा' असा उमटतो. अर्धा 'र' लिहायची सोय त्या यंत्रणेत नाही, किंवा आहे आणि पीसीआरमधल्या, म्हणजे वाहिनीच्या नियंत्रण कक्षातल्या, पोराला कुणी शिकवलेली नाही. ब्रेकिंगच्या घाईत ते पोर तरी काय करणार! मी त्याला दोष देत नाही. पण ज्या वाहिनीनं भिंतभर एलईडी लावली, तिला एक चांगलं अक्षर परवडत नाही यावर माझा विश्वास नाही. मुंबईच्या 'एक टाइप'नं 'मुक्त' आणि 'बलू' ही अक्षरकुळं केव्हाच फुकट वापरायला खुली केली आहेत. 'मंगल' हा संगणकावरचा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशींचा, आणि कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत एकेका शब्दाला चेहरा दिला तोही याच शहरात. अक्षर-संस्कृतीचं एवढं धन उशाशी असताना ही पट्टी अशी का दिसावी, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

आकड्यांचं तेच. देवनागरी अंक वापरणाऱ्या वाहिनीचं मी मनापासून कौतुक करतो आणि लगेच तक्रार करतो. लहान आकारात, लाल पट्टीवर पिवळ्या रंगात, सरकत्या ओळीत १ आणि ९ यांत फरक उरत नाही. छापखान्यातल्या जुन्या जाणत्यांना हे ठाऊक होतं. पडद्यावरच्या मंडळींना गुरुजींची वही दाखवायला हवी. त्यात तीन ठिकाणी १ खोडून ९ केलेला आहे.

आता नकाशा. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे आहे, आणि ती कुणाला चूक वाटत नाही ही त्याहून मोठी. निकालाच्या दिवशी महाराष्ट्राचा नकाशा पक्षांच्या रंगांत रंगवला जातो. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आमदार ३. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेमतेम ६०० चौरस किलोमीटर, आमदार ३६. म्हणजे नकाशावर तीन जागा छत्तीस जागांच्या चोवीसपट दिसतात. मुंबई एका ठिपक्यात संपते. तिच्यातला शिवडी कुठला आणि माहीम कुठला हे शोधायला भिंग हवं. जंगलाला मत नसतं, हे रंगवणाऱ्याला सांगावं लागावं? यावर उपाय आहे आणि तो जुना आहे: प्रत्येक मतदारसंघाला सारख्या मापाचा षटकोन द्यायचा आणि ते भौगोलिक क्रमानं मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जोडायचे. परदेशी वर्तमानपत्रं हे वर्षानुवर्षं करतात. २८८ षटकोनांचं पोळं एका पडद्यात आरामात बसतं. विधान भवन फरशीतून वर काढण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त आहे.

रंगांचा पेच मात्र खरा आहे आणि इथे मला आरेखकांची कणव येते. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, भाजपचा भगवा, शिवसेनेचाही भगवा. कमळ, धनुष्यबाण, घड्याळ, मशाल, तुतारी वाजवणारा माणूस, हात: सहा चिन्हं, आणि त्यातल्या चार पक्षांचे मतदार फुटीआधी दोनच चिन्हांखाली होते. चिन्ह म्हणजे काही सजावट नव्हे. २०२४ च्या लोकसभेत साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले आणि पिपाणीसारखं दिसणारं, मराठीत 'तुतारी' म्हणवलं जाणारं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण शरद पवारांच्या पक्षाची त्यावरची तक्रार सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली. एका छोट्या चित्राच्या रेघेवर खासदारकीचा वाद होतो, आणि आपले पडदे हीच चिन्हं मुगाच्या डाळीएवढी काढून कोपऱ्यात टाकतात. बाकी जागा अँकरच्या फोटोला.

आभासी सेट, होलोग्राम, ड्रोनसारखे फिरणारे कॅमेरे यांबद्दल विस्तारानं लिहावं असं काही नाही. सीएनएननं नोव्हेंबर २००८ मध्ये शिकागोच्या बातमीदार बाईंना न्यूयॉर्कच्या स्टुडिओत 'अवतीर्ण' केलं, तेव्हा निवेदकासमोर प्रत्यक्षात मोकळी फरशी होती. जादू फक्त प्रेक्षकांच्या पडद्यावर. त्या तंत्राचं पुढे काय झालं हे कुणाला आठवत नाही. त्याच रात्री त्याच वाहिनीवर जॉन किंग बोटानं नकाशा सरकवून एकेका काउंटीचे आकडे उलगडत होते, ते मात्र टिकलं. कारण तो फळाच होता, काचेचा.

तर आता मुख्य गोष्टीवर येतो.

४ जून २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. त्याच दिवशी शेजारच्या उत्तर मुंबईत पीयूष गोयल साडेतीन लाखांहून अधिक मतांनी. पडद्यावर दोन्ही जागांना सारख्याच रंगाची, सारख्याच मापाची एकेक फरशी. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांना पडलेली मतं टक्केवारीत जवळजवळ बरोबरीची होती आणि जागा मात्र ३० आणि १७. हे कसं झालं? स्विंगोमीटरच्या काट्याचं हेच तर काम. त्या दिवशी मी तास न् तास बघत होतो. मला ते समजावणारं एकही ग्राफिक भेटलं नाही. भेटले ते विजेचे लोळ, फुटणारे फटाके आणि 'महाविजय', 'महाधक्का', 'महास्फोट'. 'महा' हा उपसर्ग इतका स्वस्त झाला आहे की महाराष्ट्र हे नावसुद्धा आता ब्रेकिंगसारखं वाटतं.

आणि सकाळी आठ पाचला दिसणारी ती पहिली 'आघाडी'! आठला टपाली मतांची मोजणी सुरू होते, यंत्रं त्यानंतर उघडतात. पाच मिनिटांत दोनशे जागांचे कल कुठून येतात, याचं स्पष्टीकरण कोणत्याही पट्टीवर नसतं. आघाडी आणि विजय यांना एकच रंग, एकच जाडी, एकच आकार. फळ्यावर लिहिणारा माणूस कच्चा आकडा बारीक लिहायचा आणि पक्का झाल्यावर गिरवायचा. एवढी लाज वृत्तवाहिनीच्या ग्राफिकला नाही. कच्चं पक्क्यासारखं दाखवणं ही आरेखनाची चूक म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. त्याला मराठीत दुसरा शब्द आहे आणि तो किराणा दुकानातल्या तराजूशी संबंधित आहे.

रोज संध्याकाळच्या चर्चेचं तर त्याहून वाईट. पडद्याचे सहा, आठ, कधी नऊ तुकडे. प्रत्येकात एक चेहरा, भोवती सरकती पट्टी, वर पट्टी, खाली पट्टी, मधोमध भेग पडल्याचं चित्र. लोक म्हणतात, प्रवक्ते भांडतात. मी म्हणतो, त्यांना भांडायला बसवलेलं आहे. नागपुरातला प्रवक्ता एका लहानशा खोलीत एकटा कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत असतो. समोरच्याचा चेहरा त्याला दिसत नाही, कानातल्या इअरपीसमधून फक्त कल्ला ऐकू येतो. नजरेला नजर नाही, हातानं थांबवणं नाही, 'तुमचं होऊ द्या' म्हणायची जागा नाही. आपला आवाज पीसीआरमध्ये कधी खाली केला जाईल हे माहीत नसल्यानं तो पहिल्या वाक्यापासूनच वरच्या पट्टीत लागतो. याच चार माणसांना एका टेबलाभोवती चहा देऊन बसवा. ती निम्म्या आवाजात बोलतील, आणि एखादा तर चक्क दुसऱ्याचा मुद्दा मान्य करील. विधानभवनाच्या कँटीनमध्ये हे रोज घडतं.

म्हणूनच मी म्हणतो की सेट निर्दोष नसतो. १९६० साली २६ सप्टेंबरला शिकागोत केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले, तेव्हा मागची भिंत करड्या रंगाची होती आणि निक्सनचा सूटही करडा. माणूस भिंतीत विरघळला. ती चूक होती असं म्हणता येईल. आजच्या चर्चेतल्या खिडक्या चूक नाहीत. त्या निर्णय आहेत.

मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना वाहिन्यांनी स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजवले की खऱ्या भोंग्यावरचा लोकांचा विश्वास उडू नये म्हणून, नागरी संरक्षणाच्या जाणीव-जागृतीखेरीज ते आवाज वापरू नका, असं सरकारला लेखी सांगावं लागलं. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या वार्तांकनावरून माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची ताकीद निघाली होती. सरकारनं वाहिन्यांना शहाणपण शिकवावं हे मला अजिबात आवडत नाही. पण आरेखनाचा विवेक संपला की तिथे परिपत्रक येऊन बसतं, त्याला काय करणार?

'प्रेक्षकाला हेच हवं असतं' हे उत्तर मला पाठ आहे. प्रेक्षकाला दुसरं दाखवलं कधी? आणि खरं कारण प्रेक्षक नाहीच. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, हिंगोलीत पगारी बातमीदार ठेवायचा तर दर महिन्याला पैसे मोजावे लागतात, त्याला गाडी द्यावी लागते, तो कधीकधी अडचणीची बातमीही आणतो. भिंतभर एलईडी एकदा घेतली की झालं. ती पगार मागत नाही, अडचणीचं बोलत नाही, आणि तिच्यासमोर सहा फुकटचे पाहुणे तासभर भांडले की कार्यक्रम तयार. सेट मोठा होत गेला आणि बातमीदारांची यादी आखूड होत गेली, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. आरास इतकी झगमगीत का, तर गाभाऱ्यात मूर्ती नाही म्हणून.

म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून हसायचं असेल तर हसा. पण तंत्राशी माझं वैर नाही. षटकोनांचं पोळं मांडा, बोटानं सरकणारी काच आणा, फेरीनिहाय आकड्याला मागच्या आकड्याची पुसट खूण द्या, कच्चा कल पोकळ अक्षरात आणि पक्का निकाल भरीव अक्षरात लिहा. चर्चेला एक टेबल आणा, गोल असलं तर उत्तम. माणसं चारच बोलवा आणि ती एकमेकांना दिसू द्या. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द नीट लिहा. यातल्या एकाही गोष्टीला एलईडी भिंतीएवढा खर्च नाही.

तोवर गुरुजींची सोय दुसरीकडे झाली आहे. त्या २३ नोव्हेंबरला दुपारी आम्ही दूरदर्शनसंच बंद केला आणि निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ उघडलं. पांढरी पार्श्वभूमी, साधं कोष्टक, सजावट शून्य. गुरुजींनी टोपण काढलं. साकोली, २०८. मालेगाव मध्य, १६२. शिरपूर, जवळजवळ १ लाख ४६ हजार. २८८ ओळी पुऱ्या व्हायला रात्रीचे साडेअकरा वाजले.